धनजची एक नंबरची पांदण

धनजच्या आमच्या वावराकडे जाणारी पांदण ही वाशीम जिल्ह्यातली एक नंबरची पांदण आहे, असं मी जावयाला छातीठोक सांगितलं, तेव्हा मला तिच्यावर पाय ठेवून तीसेक वर्षं झाली होती.

(वावर म्हणजे शेत. पांदण म्हणजे दोन वावरांच्या मधून जाणारी बंडीवाट. बंडी म्हणजे बैलगाडी. आता पुढे कशाचाही अर्थ सांगणार नाही.)

त्याचं असं झालं. आमचे जावई नागपूरला असतात. आठवडाभर एसीत खुर्चीवर बसतात आणि रविवारी डोंगरात सायकल चालवतात. ही सायकल साधी नाही. तिला मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, स्टँड नाही, घंटीसुद्धा नाही. चांगला रस्ता असेपर्यंत तिला गाडीच्या टपावर बांधून आणायची आणि रस्ता खराब झाला की खाली उतरवून तिच्यावर बसायचं. हे मला अजून उमगलेलं नाही, पण जावयाला कोण विचारणार?

त्यांचा आठ जणांचा गट आहे, आणि वाट शोधून काढायचं काम जावयाकडे. पण नागपूरच्या आजूबाजूला टेकडी दिसली की तिच्यावर प्लॉटचं लेआऊट पडलेलं असतं. एका वाटेवर तारेचं कुंपण निघालं. दुसरी वाट एका मंगल कार्यालयाच्या मागच्या दारात निघाली, आणि दारातल्या माणसानं ह्या आठही जणांच्या हातावर अक्षता ठेवल्या. तेव्हा गटानं ठरवलं, तिसऱ्यांदा असं झालं तर वाट शोधायचं काम दुसऱ्याला द्यायचं.

हे मला आमच्या लेकीनं, वैशूनं, फोनवर सांगितलं. "आई, ह्याईचं तोंड पाहवत नाही वं. तुह्या ध्यानात एखादी वाट हाय काय? आन् मुक्कामाले तंबू ठोकाले जागा?"

मला विचारायचाच अवकाश. मी धनजच्या फाट्यापासून सुरू झाले. नाल्यात उतरायचं, मुरमाड बरडावर चढायचं, मग आमची पांदण, ती थेट पाझर तलावाशी जाते, तिथं आंब्याखाली सपाट जागा. समोरासमोर दोन बंड्या आल्या तरी आखाला आख लागत नाही, एवढी रुंद. एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर मी नकाशा काढला आणि त्याचा फोटो पाठवून दिला.

जावयाचा लगेच फोन. माणूस नम्र आहे. "आई, फोनच्या नकाशात तिथं रस्ता दिसून नाही राह्यला. नुसतं हिरवं हिरवं हाय."

"झाडाची सावली असन, जवाईबापू. त्या फोनले काय मालूम? तो कधी बंडीत बसला काय?"

आमचे हे दाराशी खुर्चीवर बसले होते. ते खाकरले. नकाशा काढतानाही खाकरले होते. मला वाटलं, सुपारी अडकली. "तुमी चूप बसा, पाणी प्या," म्हटलं. चाळीस वर्षांच्या संसारात मी त्यांना हेच सांगत आले आहे, आणि ते ऐकतात.

ठरलेल्या रविवारी कारंज्याच्या घरून पिठलं-भाकरीचं गाठोडं घेऊन आम्ही दोघं ऑटोनं फाट्यावर पोचलो. आठ जण आले. मी पुढे, ते मागे. सुरुवात फार छान झाली. नाल्यात एक जण गोट्यांवर आडवा झाला आणि पडल्या पडल्या "वा" म्हणाला. बाभळीच्या काट्यानं दोन चाकं बसली, तर तेही खुशीत. असे पाहुणे सांभाळायला सोपे, कुठेही पडले तरी समाधानी.

मग पांदण लागली. आधी ती बंडीएवढी होती. मग बैलाएवढी झाली. मग बकरीएवढी. आणि मग संपली. समोर खांद्याला लागेल अशी तूर, पिवळ्या फुलांनी डवरलेली.

जावयानं हेल्मेट काढलं. सातही जण त्याच्याकडे पाहू लागले. माझ्याकडे एकानंही पाहिलं नाही, आणि तेच मला सहन झालं नाही. मी तोंड उघडलं.

"पाहा, बापजाद्याईची पांदण गिळली कोणंतरी! माणसाचं जाऊ द्या, माणूस हावरटच असते. पण त्याची बायको? तिनं टोकाले नाही पाह्यजे? कशी बाई असन ते?"

त्या बाईविषयी मी बरंच बोलले. तिचं माहेर काढलं, वळण काढलं, तिच्या घरच्या अन्नाला चव नसणार हेही सांगितलं. गटातल्या एका पोरीनं ते सगळं फोनमध्ये घेतलं. शेजारच्या वावरात देवराव कापूस वेचत होता. तो वेचणं थांबवून मधल्या धुऱ्यापाशी येऊन उभा राहिला. मला वाटलं, पटलं असेल.

"काकू," तो म्हणाला, "हे वावर कोणाचं हाय म्हणता?"

"कोणाचं?"

"तुमचं."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे आभाळाकडे पाहत होते. "मी दोन डाव खाकरलो," म्हणाले.

मग मला सगळं आठवलं. दर वर्षी पेरणीआधी मीच ह्यांच्या मागे लागत असे, यंदा एक तास पुढे धरा, त्या बोरीबाभळीत काय ठेवलंय? (सांगणार नाही म्हटलं होतं, पण तास म्हणजे पेरणीची एक ओळ.) एका तासानं जागा सरकते ती हातभर. हातभर जागेला कोणी पांदण म्हणत नाही. पण तीस वर्षं हातभर, हातभर! त्यात वावराच्या पलीकडून डांबरी सडक झाली, तेव्हापासून मी त्या बाजूनं ऑटोनं यायची आणि त्याच बाजूनं परत जायची. पीक मात्र वाढत होतं. तो मला माझ्या हाताचा गुण वाटत होता.

"दोन तास माह्याकून बी सरकले, खोटं कायले बोलू?" देवराव म्हणाला. "बाकीची पांदण तुमच्या तुरीत हाय. आन् त्या बाईचं काय म्हणत व्हत्या तुमी?"

मागून कोणीतरी हळूच म्हणालं, परत फिरू या. जावयाचं हेल्मेट अजून हातातच होतं.

"कोणी फिरत नाही," मी म्हटलं. "घाला सायकली तुरीतून. तूर माही हाय."

हे खाकरले नाहीत. त्यांना ठसकाच लागला.

तुरीच्या दोन ओळींमधलं सोयाबीन केव्हाच निघालं होतं, तिथं सायकलपुरती पट्टी मोकळी होती. आठही जण आत शिरले. पिवळ्या फुलांवरून आठ हेल्मेटं तेवढी पळताना दिसत होती. बऱ्याच वेळानं तलावाकडून आरोळी आली. जावई परत आले तेव्हा डोक्यात फुलं, कानात फुलं. "आई, असा रस्ता नागपूरच्या आसपास कुठीच नाही," म्हणाले. आंब्याखाली तंबू लागले, आणि वाट शोधायचं काम जावयाकडेच राहिलं. माझं भाषण त्यांच्या गटात अजून फिरतं म्हणतात.

यंदाच्या पेरणीत आम्ही एका बंडीची जागा सोडली. मीच सांगितलं तसं. दर दोन-चार रविवारी कोणीतरी सायकलवाले येतात, नमस्कार करतात, मला बरं वाटतं.

परवा सहज पाहायला गेले, तर देवरावकडचा एक तास नव्या पांदणीत आलेला. त्याची बायको तिथंच तण निंदत होती. अशा बायकांविषयी माझ्याकडे बोलायला पुष्कळ आहे, सगळं पाठ आहे. तिनं मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, आणि थोडीशी हसली.

मी खाकरले, आणि घरी आले.