ब्रेमेनच्या बाईचं उत्तर

हे मी कधी कुणाला सांगितलं नाही. बायकोला नाही, थोरल्या भावाला नाही, देवापुढे हात जोडले तेव्हाही त्या जागेवरून पुढे सरकून गेलो. तीस वर्षं. गेल्या महिन्यात पहिल्यांदा एका माणसाला सांगितलं — ज्याला सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं त्याला — आणि आता ते पोटात ठेवायची गरजच उरली नाही. म्हणून तुम्हाला सांगतो. थोडं अडखळेन. अडखळू द्या.

अमेरिकेत लढाई पेटली, तिकडचा कापूस बंद झाला आणि विलायतेच्या लोकांना आमच्या वऱ्हाडाची आठवण झाली, तेव्हाची ही गोष्ट. मी अकोल्याजवळच्या कास्तकाराचा मुलगा. मामानं नागपूरला मिशनच्या शाळेत घातलं होतं, म्हणून इंग्रजी येत होतं. त्या जोरावर अमरावतीत एका जर्मन व्यापाऱ्याकडे दुभाष्या म्हणून लागलो. साहेबाला हिंदुस्थानीतले चार-दोन हुकूम सोडले तर आपलं काही समजत नसे. बाजारातल्या कुणालाही त्याचं समजत नसे. मधे मी. हे ध्यानात ठेवा — दोन्हीकडचं ऐकणारा माणूस मी एकटा होतो.

आणि महादेव. तो अंजनगाव सुर्जीचा, पानमळेवाल्यांच्या घरचा. पण त्याची बोटं कापसासाठी घडलेली. चिमूटभर रुई दोन्ही अंगठ्यांत धरून हळूच ओढायचा, डोळ्यापुढे धरायचा आणि सांगायचा — हा धागा लांब आहे, याला पाणी मारून वजन वाढवलंय, यात जुना माल मिसळलाय. साहेब त्याच्या बोटांकडे बघत बसायचा. महादेवाला एक अक्षर वाचता येत नव्हतं. त्याच्यासाठी मी दौलत, माझ्यासाठी तो म्हादू — आमच्या मैत्रीत उणं असं काही नव्हतं. असं मी तेव्हा समजत होतो.

एका दुपारी साहेबानं विचारलं, तुम्ही दोघं वर्षभर ब्रेमेनला जाल का? तिथे वऱ्हाडचा कापूस पोचला की मालाच्या प्रतीवरून रोज भांडणं होतात. महादेवानं पारख करावी, मी बोलावं. जहाजाचा खर्च साहेबाचा. पगार बरा. राहायचं-खायचं मात्र आमचं आम्ही बघायचं.

तुम्हाला काय सांगू ते दिवस! साहेबाच्या बंगल्यामागे चिंचेखाली बसून आम्ही कधी न पाहिलेल्या गावात बिऱ्हाड मांडत होतो. साहेब सांगायचा, बंदराजवळच्या खानावळी महाग आणि दारुड्यांनी भरलेल्या. त्यापेक्षा जरा आतल्या गल्लीत विधवा बायका खोल्या देतात, तिथे बघा. माडीवरची खोली स्वस्त. दोघांनी एक पलंग घेतला तर आणखी स्वस्त. सकाळचा फराळ नको म्हटलं, लाकडं स्वतः वर वाहून नेली, तर त्याहून. शेगडी नसलेली खोली सगळ्यांत स्वस्त, पण हिवाळ्यात तांब्यातलं पाणी गोठतं, असं साहेब म्हणाला. मी ते महादेवाला सांगितलं. तो म्हणाला, "मंग पानी खाऊ." तेव्हापासून कशात काही कमी पडलं की आम्ही तेच म्हणायचो.

पण शेगडी हवीच होती, कारण स्वयंपाक आपल्या हातचा करायचा होता. महादेवाच्या घरचे एवढ्याच अटीवर तयार झाले होते. समुद्र ओलांडल्यावर जातीत काय होईल ते होवो, पंचांना आल्यावर बघू, पण परक्याच्या भांड्यातलं खाऊ नको, असं त्याचा बाप म्हणाला. साहेबाच्या ओळखीत एक विधवा होती. नवरा इंग्रजांच्या जहाजावर होता म्हणून तिला इंग्रजी लिहिता येत होतं. तिला मी पत्र लिहिलं. महादेव एकेक विचारायला सांगायचा, मी लिहायचो. चूल देशील का? विहीर किती लांब आहे? ज्या भांड्यात गाईचं मांस शिजतं ते आम्हाला देणार नाहीस ना? रोज अंघोळ केली तर तुला चालेल का?

पत्र गेलं. उत्तराला दोन-तीन महिने लागणार होते.

मधल्या काळात साहेबानं मला मालाबरोबर मुंबईला पाठवलं. खानदेशापर्यंत बैलगाड्या, पुढे आगगाडी. मी समुद्र पहिल्यांदा पाहिला. नुसता पाहिला असता तर निभलं असतं. पण कापसाच्या गाठी चढवताना जहाजावर जावं लागलं. जहाज धक्क्याला बांधलेलं होतं, आणि तरी पायाखालची फळी खाली गेली, वर आली, खाली गेली. मी कठडा धरून ओकलो. खलाशी हसले. ओकून झाल्यावर मी बंदराच्या तोंडाकडे पाहिलं — तिकडे काही नव्हतं. झाड नाही, टेकडी नाही, काही नाही. मला तिथेच कळलं की मी जाणार नाही. कधीच नाही.

मग परत येऊन तसं सांगायचं होतं की नाही? एवढंच तर होतं. म्हादू, मला भीती वाटते. पाच शब्दांचंही काम नव्हतं. पण मी काय केलं? मी चिंचेखाली बसून त्याला समुद्र कसा झकास दिसतो ते सांगितलं. तो विचारत गेला, मी सांगत गेलो. तुम्ही कधी असं केलंय का — एका लाजेवर दुसरं खोटं पांघरलंय, आणि ते पांघरूण अंगाला चिकटलंय?

पत्र आलं तेव्हा महादेव आवारात माल बघत होता. भुवयांना रुई चिकटलेली. हात धोतराला पुसत पळत आला. म्हणाला, आधी तिच्या भाषेत वाच, मग आपल्या. त्याला तो आवाज ऐकायचा होता. मी मोठ्यानं वाचलं. प्रत्येक शब्द बरोबर वाचला. तिनं हो म्हटलं होतं. सगळ्याला हो म्हटलं होतं. आणि तो, एक शब्द समजत नसताना, माझ्या तोंडाकडे बघून हसत होता.

वाचून झालं. मी कागद खाली केला. आता कसं सांगू तुम्हाला — मी ठरवून आलो नव्हतो. पण तोंड उघडल्याबरोबर ते तयारच होतं. नुसती खोली नाही म्हणालो असतो तर तो म्हणाला असता, दुसरीला लिही. म्हणून सगळ्याच दारांना कडी लागेल असं काहीतरी हवं होतं. ते मला सुचलं. मी म्हणालो, "ती म्हनते, काया रंगाच्या मानसाले घरात घेत नाई. त्या गावात कोनीच घेनार नाई म्हनते."

तो हसत होता ते हसू लगेच गेलं नाही. जरा वेळ तसंच तोंडावर राहिलं, मग गेलं. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, "मले काई नाई वाटत गा. पन तुले केवढं वाईट वाटलं असन. तू तिच्याच भाषेत लिवलं होतं."

माझी समजूत घालत होता तो. माझी.

साहेबाला मी वेगळंच सांगितलं — महादेवाच्या घरचे समुद्र ओलांडू देत नाहीत, तो घाबरला. माझी भीती मी त्याच्या नावावर खपवली. साहेब हळहळला आणि विषय संपला. कोण कुणाला विचारणार होतं? मधे मीच होतो. पत्र मी चुलीत घातलं.

त्या हंगामानंतर महादेव अमरावतीला राहिला नाही. गोरा माणूस दिसला की तो मागे सरायला लागला होता. साहेबानं हात पुढे केला तर लांबून रामराम करायचा. साहेबाला वाटलं, लाजला. मला माहीत होतं. तो अंजनगावला परतला, पानमळा बघू लागला, पुन्हा कापसाला हात लावला नाही. पुढे तिकडची लढाई थांबली, भाव कोसळले, साहेबही गेला. बाजारातले लोक म्हणाले, बरं झालं गेला नाहीत ते. मी तो आधार धरून ठेवला. कितीतरी वर्षं धरला. पण भाव कोसळले म्हणून माझं खोटं खरं झालं होतं का?

आणि गोष्ट तिथे थांबलीही नाही. त्याचा मुलगा लक्ष्मण हुशार निघाला. मास्तर घरी आले, म्हणाले याला इंग्रजी शिकवा. महादेवानं नाही म्हटलं. का, तर — दौलत एवढा शिकला, काय झालं? तरी ते घरात घेत नाहीत. हे मला त्यानंच अभिमानानं सांगितलं, अकोल्याला माझ्या ओट्यावर बसून. मी तेव्हा कचेरीत नोकरीला होतो. त्याच इंग्रजीवर. मी त्याला सुपारी कातरून दिली आणि गप्प बसलो. त्या पत्राइतकाच हाही गुन्हा आहे, कदाचित मोठा. पत्राच्या वेळी विचार करायला एक क्षण होता. इथे पूर्ण दुपार होती.

मग आताची गोष्ट. माझ्या धाकटीचं लग्न होतं. महादेव आला, टोपलीभर पानं घेऊन. जेवणं झाल्यावर व्याह्यांच्या माणसांपुढे तो बोलायला लागला. म्हणाला, या माणसाला विलायतेला जायची संधी होती. पण माझा अपमान झाला म्हणून यानंही पाय मागे घेतला. असा दोस्त मिळत नाही. व्याही माझ्याकडे आदरानं बघायला लागले. माझी मुलगी बघत होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, जमीन सरकतेय — अगदी त्या जहाजावरच्यासारखी. पण या वेळी मला कळलं की मी जाणार आहे.

लग्नाची माणसं पांगल्यावर मी अंजनगावला गेलो. तो मळ्यात होता. वेलींच्या त्या गार, हिरव्या सावलीत तो वेलाचा नवा शेंडा आधाराला बांधत होता. मी उभ्याउभ्याच सांगितलं. समुद्र, ओकारी, पत्र, साहेबाला सांगितलेलं, सगळं. मला वाटलं होतं, मधे रडू येईल. आलं नाही. आवाजही कापला नाही. तो बांधत राहिला. एक गाठ झाली, दुसरी घेतली. मग थांबून त्यानं विचारलं, "मंग तिनं काय लिवलं होतं?"

पत्र जळून गेलं होतं, पण मला पाठ होतं. तीस वर्षं पाठ होतं. मी सांगितलं. माडीवरची खोली आहे, खिडकीतून नदी दिसते. पलंग एकच, पण रुंद आहे. मागच्या शेगडीवर दुपारनंतर रांधा. तुमच्यासाठी दोन नवी भांडी घेऊन ठेवते, त्यात दुसरं कुणी काही शिजवणार नाही. लाकडं तुम्ही वर आणलीत तर भाडं कमी करीन. तुमच्या देशातलं माणूस मी कधी पाहिलं नाही. पण तुम्ही रोज अंघोळ करता म्हणता, तर मोठं घंगाळ आणून ठेवते. पायमोजे लोकरीचे आणा. हिवाळ्याच्या आधी या.

"मोठं घंगाळ आनते म्हनली?"

"हो."

"नाव काय तिचं?"

मी सांगितलं, मार्था. त्यानं ते दोनदा म्हणून पाहिलं. मार्थाबाई. मार्थाबाई. मग खाली बसला, वाफ्याच्या कडेला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "तीस वर्सं मी त्या बाईले शिव्या देल्या, दौलत."

 

त्यानं लक्ष्मणाला हाक मारली. तो पलीकडच्या वाफ्यातून आला — तिशी ओलांडलेला माणूस, हातात विळा. महादेव त्याला म्हणाला, त्या बाईनं आपल्याला नाही म्हटलं नव्हतं. हो म्हटलं होतं. लक्ष्मणाला काही समजलं नाही; तो एकदा बापाकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिला. मग महादेव मला म्हणाला, "तू आता जाय." रागानं नाही, प्रेमानंही नाही. काम उरलेला माणूस म्हणतो तसं.

मी निघालो. बैलगाडीत बसलो तर ऊन चढलं होतं. वाटेत एका गावी उतरलो, विहिरीवर पाणी प्यालो, कुणीतरी भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा दिला, तो खाल्ला. अन्नाला चव होती. खरं सांगतो, मला हलकं वाटत होतं. छातीवरून काहीतरी उठून गेलं होतं. त्याला दुःख देऊन मी हलका झालो, हेही मला कळत होतं. तरी हलकेपणा गेला नाही, अजून आहे. तो लपवला तर पुन्हा तेच सुरू होईल, म्हणून तोही सांगितला.

घरी येऊन मुलीला पत्र लिहिलं. लग्नात तिनं जे ऐकलं ते खरं नव्हतं, असं लिहिलं, आणि खरं काय ते लिहिलं. व्याह्यांनाही वाचून दाखव म्हटलं.

महादेवाचा निरोप आलेला नाही. तो यावा म्हणून मी हे सांगत नाही. अंजनगावात अजून लोक म्हणतात की म्हादूला एका परक्या बाईनं रंगावरून नाकारलं. तुमच्या कानावर ते कधी आलं, तर एवढं ठाऊक असू द्या — त्या बाईनं त्याच्यासाठी घर उघडलं होतं. दार मी लावलं.