डोहाची बाटली

एकाहत्तरच्या उन्हाळ्यात मी सरकारी प्रयोगशाळेतून गोदावरीचं पाणी तपासायला पुणतांब्याला जायचो. मला नदीत नेणाऱ्या नावाड्याचं नाव मी कधी विचारलं नाही. ओंजळीत पाणी घेऊन वास घेतल्याशिवाय तो वल्हं हाती धरत नसे.

पाणी मधल्या धारेचंच घ्यायचं, असा प्रयोगशाळेतल्या साहेबांचा हुकूम होता. याने मात्र होडी काठच्या डोहात थांबवली. साखर कारखान्याच्या मळीचं पाणी तिथेच साचायचं आणि बायका हंडेही तिथेच भरायच्या.

"हितलं भरा," तो म्हणाला. "धारंला कोन जातंय पानी प्यायला?"

मी दोन्हीकडच्या बाटल्या भरल्या. धारेच्या पाण्यात जंतू तुरळक निघाले, डोहाच्या पाण्यात नुसता बुजबुजाट. साहेबांनी डोहाची बाटली मोरीत ओतली आणि अहवालात 'पाणी पिण्यायोग्य' असं लिहिलं. खाली सही मला करायला लावली, आणि मी ती निमूट केली. त्याची चीड अजून गेलेली नाही.

पुढच्या खेपेला मी हे नावाड्याला सांगितलं. त्याने डोहातून तांब्या भरला आणि माझ्यापुढे धरला.

"पिन्याजोगं हाय न्हवं? मग घ्या."

माझा हात पुढे झाला नाही. मग माझ्याकडे बघत त्यानेच तो तांब्या घटाघट रिकामा केला, रोजच्यासारखा.