नॉरफोकचं गेलेलं सरकार आणि माझा कांदा-ब्रेड

निवडणुकीच्या दिवशी माझा नवरा समीर सिडनीतल्या आमच्या कॅसल हिलच्या शाळेत मत द्यायला आत जातो आणि मी बाहेर, इथे प्रत्येक मतदानकेंद्राशी लागतो त्या सॉसेजच्या स्टॉलपाशी परतलेला कांदा घातलेला ब्रेड खात उभी राहते. तो इथला नागरिक झाला. माझ्याच्याने भारताचा पासपोर्ट सोडवत नाही, त्यामुळे माझा नागरिकत्वाचा अर्ज लॅपटॉपमध्ये अर्धवट पडलेला. यंदा तो मिशीत हसत बाहेर आला आणि माझा तिळपापड झाला. "मला कुठेतरी लांब ने," म्हटलं. त्याने नॉरफोक आयलंडची तिकिटं काढली.

नॉरफोक ऑस्ट्रेलियाचंच, तरी सिडनीहून विमान आंतरराष्ट्रीय टर्मिनलवरून सुटतं, लवकर निघा. फळं नेऊ नका, तिथे चालत नाहीत. गाडी मात्र आधीच ठरवा, तिच्यावाचून भागत नाही. रस्त्यात गाई आल्या की थांबायचं, पहिला मान त्यांचा. समोरून येणारा प्रत्येक ड्रायव्हर समीरला हात करत होता.

"तुला इथे कोण ओळखतं रे?"

"अगं, सगळ्यांनाच करतात. पद्धत आहे इथली."

तरी मी जळलेच. दुसऱ्या दिवशी स्टिअरिंग मी घेतलं.

आम्ही उतरलो त्या घराची मालकीण मॅव्हिस पंचाहत्तरीची. नाश्त्याला तिने हिरव्या केळ्यांचे वडे केले आणि मग किंग्स्टनला, बेटाच्या राजधानीत, नेऊन जुनी दगडी इमारत दाखवली. इथे बेटाची विधानसभा भरायची आणि मॅव्हिस तिची सदस्य होती.

"नऊ जण होतो," ती म्हणाली. "कस्टम्स, इमिग्रेशन, सगळं आमच्या हातात. कायदा पटला नाही की लोक दुकानात गाठून झापायचे!"

जेमतेम दोन हजार वस्ती. पुण्यात आमच्या सोसायटीत याहून जास्त माणसं असतील, आणि तिथल्या कमिटीवरही मला कधी कुणी घेतलं नाही. पिशवीत बांधून आणलेला वडा हेव्यापायी तसाच राहिला.

मग कॅनबेराच्या केंद्र सरकारने ती विधानसभा बंद केली. सांगताना मॅव्हिसचा आवाज अजून चढतो. "आता आमचं मत कॅनबेराच्या मतदारसंघात मोजतात. आमचं काढून घेतलं त्यांनी! तू कुठे मत देतेस?"

"कुठेच नाही. पुण्याच्या यादीत नाव आहे, पण अकरा वर्षांत एकदाही गेले नाही."

"तुझं कुणी काढून घेतलं?"

"कुणीच नाही," मी म्हणाले.

मॅव्हिसला भांडायला निदान कॅनबेरा तरी होतं. मला त्या भांडणाचासुद्धा हेवा वाटला.

परत आल्यावर कॅसल हिलच्या रस्त्यावर दोन दिवस मी येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांना हात केला. एकाने हॉर्न मारला, बाकीच्यांनी पाहिलंही नाही. रविवारी चहा झाल्यावर लॅपटॉपमधला तो अर्धवट अर्ज उघडला. पासपोर्टचा नंबर टाइप करताना रडले, मग सबमिट केलं.

"नागरिक झालीस की मत देणं सक्तीचं हं," समीर म्हणाला. "रांगेत उभं राहावं लागेल."

"राहीन," मी म्हटलं. "माझा ब्रेड तू धर."