आखणीचा खांदा

खांदा माझा दुखत होता आणि तो दाबायची हौस सगळ्या गावाला आली होती.

जोह्यातल्या एका गणपतीच्या कारखान्यात मी आखणी करते, म्हणजे मूर्तीचे डोळे काढते. कित्येक वर्षं तिथले सगळे डोळे माझ्याच हातचे. यंदा ऐन आषाढात उजवा हात छातीच्या वर जाईना. शेठ म्हणाले, "ताई, आठ दिवस बघा. नायतर हमरापूरहून दुसरा माणूस आणतो." माझ्या मूर्तींना दुसऱ्याने काढलेले डोळे, या विचारानेच मला रडू आलं.

तेव्हापासून जो तो वैद्य झाला. साच्यात माल ओतणाऱ्या भाऊंनी अंगठा असा रुतवला की डोळ्यांपुढे काजवे चमकले. शेजारणीने बाम चोळून चोळून कातडी सोलायची बाकी ठेवली. एकाने हात मागे पिरगळला आणि कट् असा आवाज आल्यावर स्वतःच खूश झाला. शेवटी नवऱ्याने त्याच्या कंपनीतल्या कुणाला तरी विचारून रोह्याच्या एका फिजिओथेरपीवाल्या बाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, दुखऱ्या सांध्यावर जोर करायचाच नाही. आधी शेकायचं, मग मानेपासून दंडापर्यंत सपाट तळव्याने तेल जिरवायचं, पाठीवरच्या फऱ्याच्या कडेने अंगठा हळूहळू गोल फिरवायचा आणि शेवटी पुढे वाकून हात नुसता लोंबता सोडून झुलवायचा. म्हणजे इतके दिवस आमची आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

घरी सासूबाई होत्या. त्यांचा जन्म मिठागरात गेलेला. तव्यावर जाड मीठ गरम करून पुरचुंडीने शेकायचं आणि मग तेल लावायचं, हे त्यांचं शास्त्र रोह्याच्या बाईंशी जुळत होतं, म्हणून मी पाठ त्यांच्या हवाली केली. पण चोळायच्या त्या डाव्या हाताने. उलट्या हाताने कसलं मालिश करतात, म्हणून माझा जीव वैतागायचा. त्यात रोज सकाळी फणी माझ्यापुढे. "अंबाडा घालून दे गो." माझा हात वर जात नाही हे ठाऊक असून. मी त्यांना खालच्या पायरीवर बसवायचे, अंबाडा घालायचे आणि मनातल्या मनात चरफडायचे.

मालिश केल्यावर संध्याकाळी बरं वाटायचं, सकाळी हात थोडा वर जायचा आणि कामावर दुपारपर्यंत खांदा पुन्हा धरायचा. शेठच्या मुदतीतल्या सातव्या दिवशी सासूबाईंनी विचारलं, "कामावर हात कसा धरतेस, दाखव."

मी डाव्या हातानेच दाखवलं. आमच्या कारखान्यात अंगाचा रंग झाला की मूर्ती खाली ठेवत नाहीत. देव खाली आणि आपण वर, हे बरं दिसत नाही. म्हणून मूर्ती उंच फळीवर, माझं कोपर कानापाशी आणि श्वास रोखलेला, सकाळपासून संध्याकाळपर्यंत.

"मला पायरीवर बसवतेस, मंग तुझा हात पोचतो. देवाला का नाय बसवत?"

"देवाला खाली कसं ठेवायचं, आई?"

"डोळे आल्याबिगर कुठला देव गो? तवर तो माल हाय."

मला आधी रागच आला. एवढं साधं सांगायला इतके दिवस कशाला लागले? आणि आम्ही इतकी माणसं रोज त्या फळीपुढे हात वर करून उभी, आमच्या डोक्यात हे का आलं नाही?

दुसऱ्या दिवशी शेठ जरा कुरकुरले, पण बसका चौरंग आणून त्यावर धुतलेली चादर त्यांनीच घातली. मी समोर बसले. कोपर मांडीवर टेकलं. पहिला डोळा काढायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला, पण रेघ हलली नाही. हमरापूरचा माणूस आला नाही.

संध्याकाळी मी सासूबाईंना विचारलं, "तुम्हाला हे सुचलं कसं?"

"मला कुणी नाय सांगितलं वेळेवर," त्या म्हणाल्या. "मीठ ओढून ओढून हात गेला. धा वर्सं वर जात नाय." आणि त्यांनी उजवा हात उचलून दाखवला. तो छातीपाशी थांबला.

दहा वर्षं मी त्यांचा अंबाडा घालत होते. मला वाटायचं, म्हातारीला लाड करून घ्यायला आवडतात. मला माझीच लाज वाटली.

मी तवा गॅसवर ठेवला, त्यात जाड मीठ टाकलं आणि म्हटलं, "आई, पाठ करा इकडे."