बाईंना सोबत हवी होती

वत्सलाबाई स्वतःलाच आग्रह करून वाढत. शनवारा मोहल्ल्यात त्यांची भाड्याची खोली होती. शाळेतला निरोप सांगायला मी गेले, तर बाई पाटावर बसलेल्या. ताटात भाकरी, वरण, मेथी, लिंबाची फोड. "वत्सले, भाजी घे की आणखी. लाजतेस काय?" मला पाहून हसल्या. "दुसरं कोण आहे आग्रह करायला?"

मुलांनो, त्या अकोल्याहून एकट्याच आमच्या बऱ्हाणपूरच्या मुलींच्या शाळेत गृहविज्ञान शिकवायला आल्या होत्या. वर्गात पहिला प्रश्न ठरलेला: "काल घरी सगळ्यांत शेवटी कोण जेवलं? तिच्या ताटात काय होतं?"

माझं उत्तर नेहमी एकच. आई. चुलीपुढे बसून कढई भाकरीनं पुसून खायची. तिला दिवस गेले होते आणि जिना चढताना ती भिंत धरायची.

बाई घरी आल्या. डाळ, हिरवी भाजी, अंगातलं रक्त, सगळं आजीला समजावलं. आजी म्हणाली, "आम्ही काय हवा खाऊन पोरं वाढवली का व?"

मग एका शनिवारी बाई ऐन जेवणाच्या वेळी दारात उभ्या. "आजी, परगावची आहे मी. एकटीनं जेवून कंटाळले. सूनबाई बसतील सोबत?" आजीचा उपास होता आणि पाहुणीला एकटीला जेवू घालणं तिच्या रीतीत बसत नव्हतं. आईचं ताट मांडलं गेलं. "आजी, भाजी हवी होती, पण एकटी कशी घेऊ?" असं त्या म्हणाल्या की आईच्याही ताटात भाजी पडे. आजीचे उपास पुष्कळ. बाईंना सगळे पाठ झाले.

इतर मुलींच्या घरीही त्या अशाच जात. मास्तरीण दारोदार जेवत फिरते, असं गावात झालं. आजीनं तोंडावर विचारलं, "पगार पुरत नाही का व मास्तरणीले?"

"पुरतो हो आजी. सोबत पुरत नाही."

त्यांना पोचवायला जाताना मी म्हटलं, "बाई, लोक नावं ठेवतात. खरं कारण सांगून टाका ना."

"सांगितलं तर तुझ्या आईचं ताट उचलतील," त्या म्हणाल्या. थोडं चालून पुढे म्हणाल्या, "आणि अगं, मी खोटं कुठं बोलते?"

माझा भाऊ सुखरूप जन्मला. पुढे राज्यांची नवी वाटणी झाली. अकोला मुंबई राज्यात गेलं, बऱ्हाणपूर मध्यप्रदेशात राहिलं. बाईंची नोकरी तिकडची ठरली. स्टेशनवर त्यांना निरोप द्यायला आई आणि मी, दोघीच होतो.

त्यानंतरच्या शनिवारी पुरुषांची पंगत उठली आणि आई कढई घेऊन चुलीकडे वळली. आजीनं दोन पाट मांडले.

"तुमचा उपास आहे ना?" आई म्हणाली.

"मोडला. बस इथं. मास्तरणीची जागा रिकामी बरी नाही दिसत."

आता या घरात मी एकटीच असते. तुम्ही तिकडे आपापल्या खोल्यांत, बहुतेक उभ्यानंच काहीतरी खात असाल. बसून जेवा. आज मी मेथी केली होती. दुसऱ्यांदा घेतली, आग्रह झाला म्हणून.