दाजींची हाक

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय — विचारू नका, मलाच नीटसं ठाऊक नाही.

संगमनेरात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. थोरली बहीण, आक्का, अकोले तालुक्यात डोंगराकडच्या गावात दिलेली. दाजी तिथेच मास्तर. ते घशाच्या दुखण्याने गेले. ऑपरेशनात आवाज जाणार हे कळल्यावर त्यांनी कॉम्प्युटरसमोर बसून आक्कासाठी काहीतरी बोलून ठेवलं होतं. मी गेल्यावर ऐक, म्हणाले होते. वर्ष उलटलं तरी तिला ऐकायचा धीर होत नव्हता.

मग तो कॉम्प्युटर अडखळायला लागला. गोधडीत गुंडाळून, जीपमध्ये मांडीवर घेऊन ती दुकानात आली. "बाळू, नव्यात समदं जसंच्या तसं घाल. त्यांचं हाय त्यात."

समदं. यात न समजण्यासारखं काय होतं?

दाजी सरळ माणूस. सिस्टीमचं अस्सल लायसन्स घेणारी माणसं आमच्याकडे विरळाच, त्यातले ते एक. ते लायसन्स जुन्यातून सोडवून नव्यात बसवायचं — मला त्याचंच कौतुक! ते बसलं तेव्हा मी स्वतःवरच खूश होतो. जुना कॉम्प्युटर गावच्या शाळेला द्यायचा होता, म्हणून तो पुसून त्यात फुकटची सिस्टीम टाकली. पुसण्याआधी सवयीप्रमाणे डिस्कचा फक्त डी ड्राइव्ह हा भाग नव्यात उतरवून घेतला. सी म्हणजे सिस्टीम, तिथे गिऱ्हाइकाचं काही नसतं — आम्ही दुकानवाले असं धरूनच चालतो. पण दाजींनी ते उघडल्या उघडल्या दिसावं म्हणून समोर स्क्रीनवरच ठेवलं होतं, आणि स्क्रीनवरचं सगळं सीमध्येच असतं. 'तिच्यासाठी' नावाचं फोल्डर. मी ते पाहिलं होतं. पाहिलं होतं हो! मग घेऊ म्हटलं — आणि राहिलं.

"आवाज कुटंय रं?" नवा कॉम्प्युटर न्यायला आल्यावर आक्काने विचारलं. चुकलो म्हणायला असा किती वेळ लागला असता? मी म्हणालो — दाजींनी सेव्हच केलं नसेल गं.

तिने नव्याभोवती गोधडी गुंडाळायला घेतली. मग म्हणाली, "ऱ्हायलं आसंल. लई दुकत हुतं त्यांला." माझ्या चुकीबद्दल तिने मेलेल्या नवऱ्याला माफ केलं. आणि मी? मी तिच्यासाठी चहा सांगितला.

ती गेल्यावर मात्र मी त्या जुन्या डिस्कमधून पुसलेलं परत काढायला जिवाचं रान केलं. एक तुकडा तेवढा हाती लागला. आधी खोकला, मग घोगऱ्या आवाजात — "सुमन..." पुढे काही नाही.

सुमन म्हणजे आक्का. त्यांच्या घरात नवरे बायकोला नावाने हाक मारत नाहीत. दाजींनी संसारभर 'अगं'वरच भागवलं. हे नाव आक्काने त्यांच्या तोंडून कधी ऐकलंच नव्हतं.

तो तुकडा दिला असता तर माझं खोटं उघडं पडलं असतं. म्हणून दिला नाही. दुसरं कारण नाही.

दर भाऊबीजेला मी तिच्याकडे जातो. गेल्या खेपेला वाढता वाढता म्हणाली, "मानूस शेवटाला काई बोल्लं न्हाई बग मला." मी मान खाली घालून जेवत राहिलो.

दाजींनी तिला जन्मात एकदाच नावाने हाक मारली. ती मी ऐकली. तिने नाही.