बाराची सावली

पुलगाव स्टेशनातून गाडी हलली तेव्हा बाबा खिडकीच्या गजाला धरून थोडं चालले. लग्न होऊन भिलाईला निघालेल्या मुलीला वडील काहीतरी मायेचं बोलतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "तिकडं डोयानं पाहशीन तेच सांगजो. आयकलेलं नोको सांगू." मागे आई पदरानं डोळे पुसत होती. मला बाबांचा भयंकर राग आला.

बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. त्यांची शाळा भरायची आवारात. मातीत काठी रोवायची, सावलीच्या टोकाशी खडा ठेवायचा आणि वाट पाहायची. "कावून सरकली?" असं विचारून ते स्वतः गप्प बसायचे. कुणीतरी बोलेपर्यंत गप्प. तुम्ही मागे पुलगावात राहिलेल्यांनी निघताना बांधून दिलेलं लोणचं कधीच संपलं. ते गप्प बसणं मात्र मी जपून ठेवलं.

इथं नवरा स्टील प्लांटमध्ये क्लार्क, आणि मला भिलाईतल्याच रिसालीतल्या एका खाजगी शाळेत नोकरी लागली. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. माझ्यासारखे जे इकडे आले त्यांना वेगळं सांगायला नको. वर्गातल्या मुलांना मराठी देता आली नाही, तेव्हा निदान बाबांची काठी तरी द्यावी म्हणून मी ती शाळेच्या मैदानात रोवली. टीकेश्वरी नावाची माझी एक विद्यार्थिनी होती, पावर हाउस स्टेशनला ऑटो चालवणाऱ्याची मुलगी. सावली ठीक बाराला सगळ्यात लहान होते, असं पुस्तकात होतं. फेब्रुवारीतल्या एका दुपारी ती काठीपाशी अडून बसली.

"मैडम, बारह बज गया, छाया अभी भी छोटी हो रही है. तो किताब गलत है?"

मी गप्प बसले, बाबांसारखी. जेवणाच्या सुट्टीत डबा मांडीवर घेऊन ती रोज तिथंच बसू लागली. मग एकदा आपणहूनच म्हणाली, "घड़ी तो पूरे देश की एक है, मैडम. सूरज सबके ऊपर एक साथ थोड़े आएगा." मला रडू आलं. फोनवर बाबांना सांगितलं तर ते कितीतरी वेळ नुसते हसत होते. भिलाई त्या दिवशी मला पहिल्यांदा आपली वाटली.

तेवढ्यात शाळेलाही अशा शिक्षणाची हौस आली. गेटवर बॅनर लागला, अनुभवातून शिक्षण, चिकित्सक विचार वगैरे. मोठे पाहुणे येणार होते. प्राचार्या मॅडमनी माझ्या वर्गाला प्रश्नांच्या चिठ्ठ्या वाटल्या. "बच्चे खुद पूछ रहे हैं ऐसा लगना चाहिए," त्या म्हणाल्या. उत्तरंही वाटली गेली, अर्थात पुस्तकातली. मुलांनी आपलं कुतूहल आठवडाभर घोकलं. टीकेश्वरी चुणचुणीत, म्हणून काठी तिच्या वाट्याला आली. मी मॅडमना सावलीचं सांगून पाहिलं. "मेहमानों के सामने गड़बड़ नहीं," एवढ्यावर विषय संपला.

पाहुणे बाराच्या सुमारासच मैदानात आले. सावली सगळ्यात लहान कधी होते, त्यांनी विचारलं. टीकेश्वरी काठीकडे पाठ करून ताठ उभी होती.

"ठीक बारह बजे, सर."

टाळ्या पडल्या. तिच्या पायामागे सावली अजून आखडतच होती. तिनं मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

सगळे चहाला गेल्यावर मी तिला विचारलं, "तूने देखा क्यों नहीं, बेटा?" ती गोंधळली. "देखने को किसने बोला था, मैडम? बोलने को बोला था."

त्यानंतर ती काठीपाशी कधी आली नाही. प्रश्न विचारत नाही. विचारलं की सुरेख उत्तर देते, सगळ्या शाळेला तिचं कौतुक आहे. मला तिच्याकडे पाहवत नाही. काठी अजून तिथंच आहे, मुलं तिच्यावर स्वेटर टांगतात.

रविवारी बाबांचा फोन असतो. आता त्यांना फार दिसत नाही, म्हणून माझ्याकडूनच सगळं ऐकायचं असतं. "पोरं सावली पाहून राहिली ना, बाई?"

"पाहून राहिली, बाबा."

ते हसतात, तसेच, कितीतरी वेळ. इतकी वर्षं घर म्हटलं की मला पुलगाव आठवायचं. आता घर म्हणजे फोनवरचं ते हसू, आणि ते टिकवायला मी दर रविवारी न पाहिलेलं सांगते.